छोट्या सभागृहाला जेवण नाही

कंपन्यांच्या समारंभांसाठी जागा शोधणं हे माझं काम आहे. हॉटेलांचे हॉल नव्हेत, ते कुणालाही सापडतात. आमच्याकडे येणाऱ्यांना संग्रहालय हवं असतं, जुनं नाटकगृह हवं असतं, चित्रांचं दालन हवं असतं. आपण नुसता माल विकत नाही, कलेशीही आपलं काही नातं आहे, असं पाहुण्यांना जेवता जेवता वाटावं म्हणून. मी पदार्थविज्ञान शिकले, त्यातही आवाजाचं. त्या शिक्षणाला या शहरात कुणी विचारेना, तेव्हा ताईने मला ठेवून घेतलं. ताई म्हणजे आमच्या छोट्या संस्थेची मालकीण. सगळेच तिला ताई म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा.

जागा बघायला जाताना मी पिशवीत फुगे नेते. रिकाम्या खोलीच्या मधोमध फुगा फोडायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. फार वेळ लागला तर तिथे भाषण कळत नाही, शब्दावर शब्द चढतो. फारच कमी लागला तर गाणं मेल्यासारखं वाटतं. गोष्ट साधी आहे, पण त्यापायी शहरातल्या निम्म्या पहारेकऱ्यांनी मला फुगेवाली हे नाव ठेवलं. मी पायऱ्या चढायला लागले की वरून कुणीतरी ओरडतं, "आली रे फुगेवाली, कान झाका!"

या वेळचं गिऱ्हाईक म्हणजे माझ्या दादाची कंपनी. विम्याची मोठी कंपनी, आणि दादा कॉलेज संपल्यापासून तिथल्या दाव्यांच्या विभागात. आमचं नाव त्यानेच वर सुचवलं होतं. "माझी धाकटी बहीण आहे म्हणून सांगत नाही," असं तो साहेबांना म्हणाला म्हणे, "पण ती भिंतींशी बोलते."

कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या मॅडम आमच्या ऑफिसात आल्या. नीट कपडे, नीट बोलणं, वही नाही, सगळं तोंडपाठ. मागण्या जरा विचित्र होत्या. एकाच इमारतीत दोन सभागृहं हवीत, एक मोठं, एक लहान. दोन्हीकडे एकाच वेळी कार्यक्रम होणार, पण एकीकडचा आवाज दुसरीकडे अजिबात जाता कामा नये. टाळ्यासुद्धा नाहीत. आत मोबाइल लागत नसेल तर उत्तमच. आणि लहान सभागृहाला मागच्या रस्त्यावर उघडणारं वेगळं दार पाहिजे.

"व्यत्यय नको, एवढंच," मॅडम म्हणाल्या.

त्या गेल्यावर ताई म्हणाली, "लग्नाला नवरा शोधणं याच्यापेक्षा सोपं असेल."

मला मात्र मजा वाटत होती. प्रश्न अवघड असला की माझी भूक वाढते. पुढचे काही दिवस मी शहर पालथं घातलं. निसर्ग संग्रहालयात छताला देवमाशाचा सांगाडा टांगलेला होता. तिथे दुसरं दालन होतं, पण मधली भिंत नुसती लाकडी फळ्यांची. जुन्या ग्रंथालयातल्या घुमटाखाली वेगळीच गंमत. एका कोपऱ्यात कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात ते जसंच्या तसं ऐकू येतं. पहारेकऱ्याने तिकडून हळूच विचारलं, "फुगेवाली, लग्न कधी?" आणि मी इकडे दचकले. चित्रांच्या दालनात रंगीत पेयं न्यायला बंदी, उंच टाचांना बंदी, जोरात हसायलाही जवळजवळ बंदी.

शेवटी सापडलं ते संगीतगृह. मोठं सभागृह वाद्यवृंदासाठी, लहान सभागृह एकट्यादुकट्या गायकासाठी, पाठीला पाठ लावून बांधलेली. पण बांधणाऱ्याचं डोकं जबरदस्त. दोन्ही सभागृहं म्हणजे दोन सुट्या पेट्या, प्रत्येक पेटी रबराच्या जाड ठोकळ्यांवर ठेवलेली, एकीची भिंत दुसरीला कुठेही टेकत नाही. मध्ये एक बोळ, माणूस जेमतेम जाईल एवढा. बोळाला दोन्हीकडे एकेक जड दार आणि दाराच्या कडेला रबराची पट्टी. दार दाबून बसवलं की कान बंद झाल्यासारखं होतं.

मी लहान सभागृहात जाऊन बसले आणि ताईला मोठ्यात फुगे फोडायला सांगितलं. बसले, बसले. काहीच होईना. कंटाळून बाहेर जाणार तेवढ्यात ताईच दार ढकलून आली. हातात रबराच्या चिंध्या.

"अगं, सगळे संपले! किती फोडू अजून?"

मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. माझ्या यंत्रावर फक्त पंख्याची घरघर उमटली होती.

मॅडमनी जागा पाहिली आणि पहिल्यांदा हसल्या. दारात गर्दी तुंबू नये म्हणून मी आणखी एक युक्ती सुचवली. आमंत्रणाची कार्डं दोन रंगांची करायची, मोठ्या सभागृहाला निळी, लहानाला पिवळी. कार्डावर नाव नको. नाव आलं की यादी आली, यादी आली की रांग आली. दिवाणखान्यासारखा जो पुढचा मोठा सोपा आहे तिथे एक माणूस उभा राहील आणि रंग बघून डावीकडे किंवा उजवीकडे वळवेल. नळाला दोन तोट्या लावाव्यात तसं. मॅडमना ते फार आवडलं. "शास्त्रज्ञ आहात हो तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि मी त्या दिवशी चालत घरी गेले, बसमध्ये बसवेना इतकी मी खूश होते.

*

तालीम होती कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी. तालीम म्हणजे दिवे, माइक, खुर्च्या, कोण कुठून येणार, जेवण कुठे मांडायचं. मी हातात नकाशा घेऊन मॅडमच्या मागे फिरत होते.

"दोनशे ताटं इथे, सोप्यात," मी म्हणाले. "आणि लहान सभागृहाची मागच्या बाजूला मांडू या का?"

"छोट्या सभागृहाला जेवण नाही," मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, त्या विसरल्यात. "पण दोन्ही कार्यक्रम एकाच वेळी संपतात ना?"

"छोट्याचा आधी संपेल. ते मागच्या दाराने जातील. गाड्या सांगितल्या आहेत."

मी नकाशावर तसं लिहिलं. लिहिताना काही वाटलं नाही. मग लहान सभागृहात गेले. तिथे दोन माणसं प्रत्येक रांगेच्या टोकाला कागदी रुमालांचा एकेक खोका ठेवत होती. मोठ्या सभागृहात असे खोके नव्हते. व्यासपीठावर फुलं नव्हती. मोठ्याकडे होती. दाराशी दोघं रुंद खांद्यांचे पहारेकरी उभे होते, संगीतगृहाचे नव्हेत, बाहेरून आणलेले. संगीतगृहाचे सगळे मला ओळखतात, हे ओळखत नव्हते. पाण्याच्या बाटल्या काचेच्या नव्हत्या, प्लॅस्टिकच्या होत्या.

मी उभीच राहिले. प्रयोगशाळेत कधी कधी असं होतं. आकडे समोर असतात, सगळे एकाच दिशेला बोट दाखवत असतात, आणि तरी आपण यंत्र तपासत बसतो, कारण उत्तर आपल्याला नको असतं. जेवण नाही. फुलं नाहीत. फेकून मारता येईल अशी बाटली नाही. रुमाल आहेत. आवाज बाहेर जाऊ नये, फोन लागू नये, मागच्या दाराने गाड्या.

"मॅडम," मी विचारलं, "इथे काय सांगणार आहात लोकांना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. उलट थोडी कीव केल्यासारखं वाटलं.

"मला वाटलं तुम्हाला कधीच कळलं असेल," त्या म्हणाल्या. "इतक्या हुशार तुम्ही. हे पाहा, सन्मानाने व्हावं म्हणून तर एवढी चांगली जागा घेतली. कुठल्या तरी तळघरात बोलावून नाही काढत आहोत आम्ही कुणाला." मग आवाज न बदलता पुढे म्हणाल्या, "उद्यापर्यंत हे तुमच्यापाशीच. तुमच्या ताईंनी तशी सही दिली आहे."

मी एका खुर्चीत बसले. ती नाटकगृहात असते तशी, उठलं की आपोआप मिटणारी. मला फक्त एकच गोष्ट दिसत होती. दादाच्या घरचा फ्रिज, आणि त्यावर चुंबकाने लावलेलं पिवळं कार्ड.

*

संध्याकाळी मी दादाकडे गेले. वहिनी त्याचा शर्ट इस्त्री करत होती, आणि दादा आरशासमोर उभा राहून भाषण म्हणत होता. खरंच. हातात कंगवा माइकसारखा धरून.

"माझ्या यशात माझ्या सहकाऱ्यांचा..." मला बघून थांबला. "ये, ये! ऐक, 'मोलाचा वाटा' म्हणू की 'सिंहाचा वाटा'?"

"सिंहाचा म्हणालास तर तुझ्या वाट्याला काय राहिलं?" वहिनी म्हणाली. "काल चारदा म्हणालाय. मला पाठ झालंय. उद्या मीच जाते याच्याऐवजी."

कंपनीत अशी बातमी पसरली होती की मोठं सभागृह सगळ्यांसाठी आणि छोटं निवडक लोकांसाठी, मानाच्या लोकांसाठी. कार्डांवर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून लोकांनी आपापलं लिहून घेतलं. आणि ते तर्काला धरूनच होतं. सन्मान थोड्यांचाच होतो.

"दादा, बस जरा," मी म्हणाले.

"अगं बोल की, उभ्याने ऐकू येतं मला."

मी सांगितलं. ताईची सही, माझी नोकरी, हे सगळं वाटेतच मागे पडलं होतं. कसं सांगितलं ते आठवत नाही. वहिनीने इस्त्रीचं बटण बंद केल्याचा आवाज आठवतो. दादाचा चेहरा पांढरा पडला. त्याने कंगवा टेबलावर ठेवला, अगदी सावकाश, फुटणारी वस्तू ठेवावी तसा.

आणि मग तो हसला.

मला वाटलं, याचं डोकं फिरलं. तो खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि त्याचे खांदे हलत होते. वहिनी धावत गेली. "अरे, काय होतंय तुला?" त्याने तोंडावरचे हात काढले. मला त्या चेहऱ्यावर काय होतं ते आधी ओळखूच येईना. तो आनंद होता.

"माझं निळं होतं," तो म्हणाला. "अगं, मला निळंच दिलं होतं! हे पिवळं मास्तरांचं."

मास्तर म्हणजे दादाच्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ. वयाने बरेच मोठे. ऑफिसातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र पेन्सिल घेऊन दुरुस्त करायचे, नवीन पोरांना काम शिकवायचे, म्हणून मास्तर. दादालाही त्यांनीच शिकवलं. या घरी ते कितीदा तरी जेवून गेले होते. मला बघितलं की विचारायचे, "काय, आज कोणाच्या कानठळ्या बसवल्या?"

"तू त्यांचं कार्ड घेतलंस?" वहिनीने विचारलं.

"मागितलं. त्यांना सत्काराबित्काराची आवड नाही. म्हणाले, घे बाबा, मला मागच्या रांगेत बसून डुलकी काढायची आहे." दादा उठून फेऱ्या मारायला लागला. "म्हणजे मी आहे. माझी नोकरी आहे!"

मलाही आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. मी हसलेसुद्धा असेन. मग वहिनी म्हणाली,

"आणि मास्तर?"

इस्त्री गार होताना टिकटिक करत होती.

"फोन लाव त्यांना," वहिनी म्हणाली.

"आणि काय सांगू? तुमचं कार्ड परत घ्या, ते तुमचंच आहे? आणि हिच्या नोकरीचं काय? हिने बाहेर फोडलं म्हणून उद्या हिलाच काढतील."

"माझं नाव पुढे करू नकोस," मी म्हणाले. "मी तुला सांगितलं तेव्हाच ते बाहेर फुटलं."

"मी तसाच पिवळं घेऊन गेलो तर?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आत नावाची पाकिटं देतील. माझं पाकीटच नसेल. गोंधळ होईल. आणि मास्तर तिकडे टाळ्या वाजवत बसतील, आणि मग कुणीतरी येऊन त्यांना सगळ्यांदेखत उठवेल. ते जास्त वाईट नाही का? सांग, जास्त वाईट की नाही?"

"जास्त वाईट आहे," वहिनी म्हणाली. "म्हणून आज सांग. घरी जाऊन, समोर बसून सांग. त्यांना विचार करायला रात्र तरी मिळेल."

दादाने फ्रिजवरचं कार्ड काढलं, खिशात घातलं आणि चपला घातल्या. दारातून मागे वळून म्हणाला, "सांगतो. जाऊन सांगतो."

तो गेल्यावर वहिनीने शर्टाची उरलेली बाही इस्त्री केली. "भाषण वाया गेलं याचं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघीही हसलो नाही.

*

सकाळी मी सोप्यात उभी होते. ठरल्याप्रमाणे. गर्दीला वळवणारा माणूस म्हणजे मीच होते. रंग बघायचा, हात दाखवायचा, हसायचं. मॅडम जिन्यापाशी उभ्या होत्या, सगळं दिसेल अशा.

मी मनात ठरवलं होतं की पिवळ्या कार्डांच्या तोंडाकडे बघायचं नाही, फक्त हाताकडे बघायचं. पण हातही बोलतात. कुणी नखं रंगवून आली होती. एकाच्या मनगटावर घड्याळाची नवी कोरी पट्टी होती. पिवळी माणसं निळ्यांपेक्षा चांगले कपडे घालून आली होती. मानाची होती ना ती. "इकडे, उजवीकडे," मी म्हणत होते, आणि ती मला "थँक्यू" म्हणत होती.

मग दादा आला. हातात निळं कार्ड.

मी ते बघितलं आणि मला बरं वाटलं. म्हणजे गेला, सांगितलं, अवघड होतं ते करून आला. मी हात डावीकडे केला. तो माझ्याकडे न बघता पुढे गेला. रात्रभर झोपला नसेल, मला वाटलं.

थोड्या वेळाने मास्तर आले. कोट, पॉलिश केलेले बूट, वरच्या खिशात नेहमीची पेन्सिल. हातात पिवळं कार्ड. माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय फुगेवाली! आज फुगे नाहीत?"

इतकं माहीत असून हा माणूस थट्टा करतो, याचं मला आश्चर्य वाटलं. मग ते मोठ्याने, मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझा भाऊ फार मोठ्या मनाचा हं. काल घरी आला आणि म्हणाला, मास्तर, मानाची जागा तुमची आहे, मला तिथे बसवणार नाही. कार्ड परत करून गेला."

कानात फुगा फुटावा तसं झालं. सोप्यातला सगळा आवाज गेला, आणि मग हळूहळू परत आला.

दादाने सांगितलं नव्हतं.

मी जिन्याकडे बघितलं. मॅडम फोनवर होत्या, पण डोळे इकडेच. मी मास्तरांची बाही धरली आणि त्यांना बाजूला, खांबाच्या आड ओढलं. "मास्तर, आत जाऊ नका. तिथे मान वगैरे काही नाही. तिथे..."

"हळू," ते म्हणाले. "मला माहीत आहे."

"त्याने सांगितलं?"

"छे. तो काय सांगतोय." आता त्यांचा आवाज खाली आला होता. "इतकी वर्षं शेजारी बसलोय त्याच्या. हातात आलेला मान परत करणारा माणूस नाही तो. काल दारात उभा राहून कार्ड पुढे केलं आणि माझ्या पायांकडे बघून बोलत होता. तेव्हाच उमगलं, निळ्यात काहीतरी चांगलं आहे आणि पिवळ्यात काहीतरी वाईट. चहा पी म्हटलं तर थांबला नाही."

"मग तुम्ही निळं दिलंत कशाला?"

"त्याचंच होतं की ते." मग म्हणाले, "तो माझ्यासमोर उभा होता आणि मी वाट बघत होतो. म्हटलं, आत्ता सांगेल. जिना उतरेपर्यंत वाट बघितली. खालचं दार वाजलं तेव्हा आत आलो."

त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि परत आला. मला रडू येत होतं आणि ते मला नको होतं.

"एक सांग," ते म्हणाले, "तू भिंती मोजतेस ना. तिकडच्या टाळ्या इकडे ऐकू येतील?"

"नाही. अजिबात नाही. मी स्वतः तपासलंय."

"आणि इकडचं तिकडे?"

"तेही नाही."

"छान केलंस काम," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला ते सहन होईना. त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. "हे ठेव. आत गेल्यावर कोण विचारतंय." आणि ते उजवीकडे वळले. पाठ ताठ, बूट वाजवत, नवीन पोरांना शिकवायला निघाल्यासारखे.

सोपा रिकामा झाला. दोन्ही मोठी दारं बंद झाली. मॅडम लहान सभागृहात गेल्या. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, हातात ते कार्ड. जाड, चांगल्या प्रतीचं. कागद मीच निवडला होता.

मग मी मधल्या बोळात गेले.

तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. एका बाजूला दोनशे माणसं, दुसऱ्या बाजूला साठ-सत्तर, आणि मध्ये मी. माझा स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. माझं मोजमाप तंतोतंत बरोबर निघालं होतं. पण ती भिंत एकाच अटीवर काम करते, हे मला ठाऊक होतं. दारं पूर्ण मिटलेली हवीत. रबराच्या पट्टीपाशी बोटभर फट राहिली तरी रबराचे ठोकळे, सुट्या पेट्या, सगळी हुशारी फुकट जाते.

मी पिवळ्या कार्डाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि लहान सभागृहाचं दार किंचित ओढून ती घडी चौकटीत अडकवली. दुसऱ्या दाराला माझ्या फायलीतलं नमुन्याचं निळं कार्ड लावलं. बोटभर फट, दोन्हीकडे.

मोठ्या सभागृहातून आवाज आला, साहेबांचा, भरदार: "...पुढच्या प्रवासाला आम्ही निवडलं आहे ते तुम्हाला!" आणि टाळ्या. त्या सभागृहात टाळ्या फार सुंदर वाजतात. विरतच नाहीत, वर चढत जातात. त्या बोळात घुसल्या, मला ओलांडून दुसऱ्या फटीतून आत गेल्या. तिकडे मॅडम काहीतरी वाचत होत्या. त्या मध्येच थांबल्या.

मग लहान सभागृहात एक खुर्ची मिटली. खटकन. माणूस उठला की मिटते ती. मग दुसरी. मग एकदम दहा-पंधरा, मग सगळी रांग, खटाखट, खटाखट. कुणी ओरडलं नाही. नुसती माणसं उठत होती आणि खुर्च्या मिटत होत्या. तो आवाज उलटा माझ्या अंगावरून मोठ्या सभागृहात शिरला.

टाळ्या पुढच्या रांगांतून थांबल्या, मग मधल्या. मागे कुणीतरी एकटाच वाजवत होता, त्यालाही कळलं, तोही थांबला. साहेब माइकसमोर तोंड उघडून उभे होते.

फटीतून मला तिसरी रांग दिसत होती. दादा कडेच्याच खुर्चीत होता. त्याचे हात अजून एकमेकांवर होते, टाळी वाजवून झाल्यावर राहतात तसे. खुर्च्यांचा आवाज येतच राहिला. त्याने मान वळवली आणि भिंतीकडे बघितलं. मग भिंतीतल्या दाराकडे, मग दाराच्या फटीकडे. मला बघितलं.

त्याने डोळे खाली घेतले नाहीत. मीही नाही. त्याचा चेहरा काल कंगवा खाली ठेवताना झाला होता तसा झाला, आणि या वेळी तो हसला नाही.

माझ्या मागचं दार कुणीतरी पूर्ण उघडलं. पिवळी घडी जमिनीवर पडली.

"हे कुणी केलं?" मॅडमचा आवाज.

"मी," मी म्हणाले. मागे न वळताच, कारण समोर दादा खुर्चीतून उठत होता. त्याची खुर्चीही मिटली, खटकन. आणि तो रांगेबाहेर पडून दाराच्या दिशेने यायला लागला.